पर्समधला मिटणारा चाकू : अर्थ आणि अनर्थ



पर्समध्ये छोटा मिटणारा चाकू ठेवावा की नाही, यावर आपल्या बायकांत दोन तट आहेत. वयस्क बायका म्हणतात, "पाणी गाळून पिणाऱ्या घरातल्या बाईच्या पर्समध्ये चाकू? शोभतं का ते?" सुना-लेकी म्हणतात, "दिवस असे आहेत, जवळ काहीतरी असलेलं बरं." मंदिरातून बाहेर पडताना, यात्रेच्या गाडीत, हळदीकुंकवाला, दोन्ही बाजू ऐकायला मिळतात. माझं मत या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. चाकू जरूर ठेवावा, पण तो फळासाठी. संरक्षणासाठी म्हणून ठेवू नये. एकदा हे मनाशी पक्कं झालं की कोणता घ्यायचा, किती रुपयांचा घ्यायचा, कसा वापरायचा आणि कुणाला द्यायचा नाही, ही सगळी उत्तरं आपोआप मिळतात.

शास्त्रात चाकूचं नाव येतं ते कुठे?

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती हे एक व्रत आहे. पाठ करताना आपण ते पटकन म्हणून जातो, पण संसारी बाईच्या रोजच्या जगण्याला इतकं जवळचं दुसरं व्रत नसेल. 'अर्थ' म्हणजे प्रयोजन, कारण. ज्याला प्रयोजन नाही असं पाप म्हणजे अनर्थदंड. उगाच झाडाची पानं तोडत बसणं, नळ वाहता सोडणं, दुसऱ्याचं वाईट व्हावं असं मनात घोळवणं, हे सगळं त्यात येतं. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात याचे पाच प्रकार सांगितले आहेत. पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. आपला विषय त्यातल्या हिंसादानाचा.

हिंसादान म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. अमृतचंद्र आचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात या साधनांची यादी आहे. तिच्यात पहिलं नाव सुरीचं आहे. त्यापुढे विष, अग्नी, नांगर, तलवार, धनुष्य. यादी नीट पाहा. अग्नी तर आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात आहे. नांगर आपल्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी आहे. मग ही सगळी घरं पापी का? तसं आचार्य म्हणत नाहीत. वस्तू घरात असण्याला त्यांचा आक्षेप नाही, ती विचार न करता वाटण्याला आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात याच जातीच्या वस्तूंत मुसळ आणि उखळसुद्धा धरलं आहे. पण सोबत एक सवलतही ठेवली आहे. जिथे आपुलकीचा, देण्याघेण्याचा संबंध आहे तिथे गोष्ट वेगळी, त्यापलीकडे मात्र देऊ नये. म्हणजे शेजारणीला फळ चिरायला सुरी दिली तर ते हिंसादान होत नाही. ज्याला ओळखत नाही, ज्याचं प्रयोजन माहीत नाही, त्याच्या हाती ती देणं हा दोष.

तेव्हा "चाकू शोभत नाही" म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझं नम्र सांगणं आहे. आपल्या घरात विळी आहे, सुरी आहे, कातर आहे, अडकित्ता आहे. धार असलेली वस्तू आपल्याला नवी नाही. प्रश्न एवढाच, की तिला अर्थ आहे की नाही.

आजीची चंची आठवा

आपल्या मागच्या पिढ्यांतल्या कितीतरी बायकांच्या कमरेला चंची असायची. पान, सुपारी, कात, चुना आणि एक अडकित्ता. अडकित्ता म्हणजे काय? बिजागरीवर उघडणारं-मिटणारं धारदार पातं. घडी करून जवळ बाळगायचं हत्यारच म्हणा. पण त्याला कुणी हत्यार म्हटलं नाही, कारण त्याचा आकार बघितला की काम कळतं. सुपारी फोडण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. बसमध्ये, लग्नात, मंदिराच्या ओट्यावर तो निघायचा आणि शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा हात पुढे करायची.

माझ्या मते पर्समधल्या चाकूची पहिली कसोटी हीच. काढला की समोरच्याला "फळ चिरायचं दिसतंय" असं वाटलं पाहिजे. त्याच्या मनात भीती आली, तर तो चाकू आपला नाही.

संरक्षणासाठी चाकू का नको

आता सुना-लेकींशी बोलते, कारण त्यांची काळजी खोटी नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडलं त्यानंतर सगळ्या देशातल्या बायका हादरल्या होत्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१३ मध्ये, मुंबईत शिवसेनेने बाळासाहेब ठाकरे यांच्या जयंतीच्या निमित्ताने बायकांना हजारो चाकू वाटले. छोटे, पर्समध्ये मावणारे. वाटणाऱ्यांच्या मनात बायकांची काळजी असेल, नाही असं मी म्हणत नाही. पण हिंसादानाचा धडा शिकवायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. हजारो पाती, हजारो हातांत, आणि कुणी कशासाठी वापरायची यावर कुणाचा ताबा नाही.

धर्म बाजूला ठेवून नुसता व्यवहार बघा. मिटलेला चाकू पर्सच्या तळाशी असतो. वर रुमाल, किल्ल्या, चष्म्याची डबी, औषधं. तो शोधायचा, दोन्ही हातांनी उघडायचा, तोवर समोरचा थांबणार आहे का? आणि अंगात ताकद जास्त असलेल्या माणसाने तो हिसकावला, तर पातं आपल्यावरच उलटतं. घाबरलेल्या हातातल्या चाकूने आपलीच बोटं कापण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा मोठ्याने ओरडणं, माणसांच्या दिशेने पळणं, ११२ हा आणीबाणीचा आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर फोनवर पटकन लागेल असा ठेवणं, अंधार पडायच्या आत निघणं, हे उपाय साधे आहेत पण कामाचे आहेत.

आपल्या धर्मात स्वतःच्या बचावाला बंदी आहे असं मात्र कुणी समजू नये. हिंसेचे चार प्रकार आपण लहानपणी शिकलो. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. स्वयंपाकपाणी, धंदा आणि अंगावर आलेल्याला अडवणं यांत घडणारी हिंसा कमीत कमी ठेवायची. म्हणजे हल्ला झाला तर हाताला येईल त्याने अडवणं हा गृहस्थधर्मच आहे. कायदाही तेच म्हणतो. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करू नये ही मर्यादाही त्यांत आहे. पण रोज सकाळी पर्स भरताना "वेळ आली तर भोसकीन" असा विचार करून चाकू आत टाकणं ही गोष्ट निराळी. तो विचार म्हणजे अपध्यान. वेळ येवो न येवो, मन रोज मळतं.

आणखी एक. आपल्या बीड जिल्ह्याचं नाव अलीकडे शस्त्रांच्या परवान्यांच्या बातम्यांत किती वेळा आलं, ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. कमरेला काहीतरी असलं की माणूस मोठा, ही हवा गावोगाव पसरली आहे. सिरसाळ्यासारख्या बाजारपेठेच्या गावात राहणाऱ्या आपण बायकांनी तरी या हवेत आपली भर घालू नये. घरातल्या मुलांनी आईच्या पर्समध्ये चाकू बघितला, तर "हा पेरूचा चाकू" हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे. मुलं बघून शिकतात.

मग तो हवाच कशाला?

कारण आपण शोधून खाणारी माणसं आहोत. आख्खं बोर तोंडात टाकायचं नाही, फोडून आत अळी आहे का बघायचं. खजूर उकलून बघायचा. पेरू दातांनी तोडायचा नाही, चिरून बघायचा. भेंडी उभी चिरल्याशिवाय आडवी कापायची नाही. आपल्या मूलगुणांत मद्य, मांस, मध यांच्या जोडीला पाच उदुंबर फळांचा त्याग सांगितला, तो याच कारणाने. उंबर वरून कितीही गोंडस दिसलं तरी आत जीव असतात. बघायचं म्हणजे आधी उघडावं लागतं, आणि उघडायला पातं लागतं. जी वस्तू आचार्यांच्या यादीत हिंसेचं साधन आहे, तीच अशा वेळी जीव वाचवण्याचं साधन होते.

घरी हे सगळं सोपं आहे. अडचण येते प्रवासात. कुंथलगिरी, कचनेर, जिंतूरजवळचं नेमगिरी, नाहीतर परळीहून रेल्वेने लांबचा पल्ला. एसटी स्टँडवर पेरूवाला पेरू चिरून मीठ-तिखट लावून देतो. पण ती सुरी ज्या बादलीत बुडते ते पाणी न गाळलेलं, आणि शेजारच्या भेळवाल्याने कांदा चिरायला तीच मागून नेली होती का, हे आपल्याला कसं कळणार? मग एक तर उपाशी राहायचं, नाहीतर डोळे झाकून खायचं. पर्समध्ये स्वतःचा चाकू असला की आख्खं फळ घ्या, पुसा, चिरा, बघा, खा. सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं असतं तेव्हा गाडीतल्या गाडीत दोन केळी, एक सफरचंद, एक मोसंबी चिरून वेळ निभावते.

साठीनंतर दातांचीही अडचण असते. माझ्या वयाच्या कितीजणी पेरू आवडत असून सोडून बसल्या आहेत. पातळ फोड करून खाल्ली तर तो आनंद परत मिळतो.

व्रती, प्रतिमाधारी बायकांचे सचित्त-अचित्ताचे नियम वेगळे असतात. त्यांनी आपल्या गुरूंना विचारूनच ठरवावं. मी लिहिते आहे ते तुमच्या-माझ्यासारख्या संसारी बायकांसाठी.

निवडताना काय बघायचं

दुकानात चाकू हातात घेऊन बघा. फोटो बघून घेऊ नका, निदान पहिला तरी नको.

टोक आणि लांबी : पातं पाच ते सात सेंटिमीटर पुरे. आपल्या चार बोटांच्या रुंदीएवढं. सफरचंद चिरायला तेवढं भरपूर होतं. टोक गोलसर किंवा बोथट बघून घ्या. फळ चिरायला टोक लागत नाही, धार लागते. टोकदार पातं भोसकायला केलेलं असतं, आणि पर्समध्ये चुकून उघडलं तर अस्तर फाडतं. करवतीसारखे दाते असलेलं पातंही नको. दात्यांत गर अडकतो आणि फोड स्वच्छ निघत नाही.

उघडण्याची रीत : पात्याच्या वरच्या कडेला नखाने ओढायची खाच असते. तिच्यात नख घालून दोन हातांनी उघडणारा साधा चाकू आपल्यासाठी. बटण दाबलं की खटकन उघडणारा खटक्याचा चाकू हातातही घेऊ नका. हिंदी सिनेमातल्या गुंडांनी ज्याला प्रसिद्ध केलं तो रामपुरी याच जातीचा. खाच रुंद आहे ना बघा. खाच अरुंद आणि स्प्रिंग कडक असली तर आपल्या वयात नख तुटतं, पातं उघडत नाही.

पातं अडकून राहतं का : साध्या चाकूत पातं नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. कठीण फळावर जोर देताना हात तिरका झाला तर ते मिटून बोटांवर येतं. म्हणून पातं अडकून बसायची काहीतरी सोय असलेला चाकू उत्तम. मुठीत एक पट्टी पात्याच्या मागे येऊन बसते, किंवा गोल कडं फिरवून पातं पक्कं करता येतं. मात्र ती अडकण सोडवताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही ना, हे दुकानातच चार वेळा उघडझाक करून बघा. उघडं पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. खिळखिळ वाटलं तर परत ठेवा.

पोलाद : स्टेनलेसच घ्या. साध्या पोलादाला धार छान लागते, पण लिंबू-मोसंबीने ते काळं पडतं आणि ओलसर राहिलं की गंजतं. आपल्या पर्समधली वस्तू रोज तेलपाणी करण्याइतकी सवड कुणाला आहे?

मूठ : हा मुद्दा फक्त आपलाच आहे, आणि दुकानदार तो सांगणार नाही. चाकूच्या मुठी हाडाच्या, शिंगाच्या, शिंपल्याच्याही असतात, आणि त्या "नैसर्गिक", "अँटिक" म्हणून जास्त भावाने विकल्या जातात. हाडाच्या मुठीवर जवळून पाहिलं तर बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात. शिंगाची मूठ काळी-तपकिरी चकचकीत असते आणि प्लॅस्टिकसारखी भासते. शंका आली की सोडून द्या. साधं लाकूड, स्टील किंवा रंगीत प्लॅस्टिक घ्या. सोबत चामड्याचं कव्हर मिळालं तर ते दुकानातच परत करा. घरी जुन्या साडीच्या काठाची पिशवी शिवायला दहा मिनिटं लागतात.

मुठीतली खाच : पातं मिटून जिथे बसतं ती फट. बाकीचे लोक तिच्याकडे बघतही नाहीत, आपण मात्र सगळ्यात आधी बघायला हवं. फळाचा रस त्या फटीत उतरतो, वाळतो, मुंग्या येतात. ओल राहिली की जीवोत्पत्ती. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं, आपण पाळतो. मग दोन दिवस रस साचलेली फट पर्समध्ये कशी चालेल? म्हणून दोन्ही बाजूंनी आरपार उजेड दिसेल, पाणी सोडलं तर निथळून जाईल आणि फडक्याचं टोक आत जाईल अशी मोकळी मूठ असलेला चाकू घ्या. खाली बंद असलेली खोल फट नको.

दहा-बारा हत्यारं एकत्र असलेल्या चाकूंचा मोह पुष्कळजणींना होतो. त्यात बाटलीचं बूच काढायचा पीळदार स्क्रू असतो. दारूच्या बाटलीचं बूच! आपल्या घरात त्याचं काय काम? जितकी पाती जास्त तितक्या फटी जास्त आणि तितकी मळ साचायची जागा जास्त. पात्याबरोबर छोटी कात्री असेल तर ती मात्र कामाची. औषधाची पट्टी, धागा, दुधाची पिशवी तिने कापता येते.

स्वस्त म्हणजे किती?

बाजारात तीस-चाळीस रुपयांपासून मिटणारे चाकू मिळतात. दीडशे-दोनशेत साधा पण नीट बसणीचा मिळतो. परदेशी हवा असेल तर खर्च बराच वाढतो. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकलेला हिशोब इथे लावा. चाळीस रुपयांच्या चाकूची रिव्हेट सहा महिन्यांत सैल झाली तर वर्षाला ऐंशी रुपये पडले. दीडशेचा पाच वर्षं टिकला तर वर्षाला तीस. शिवाय सैल पात्याने बोट कापलं तर त्या औषधपाण्याचा खर्च कुठल्या खात्यात लिहायचा? म्हणून अगदी स्वस्तातला नको.

परदेशातले नावाजलेले चाकूही मुळात साध्या माणसांसाठीच निघाले, हे वाचून मला बरं वाटलं. फ्रान्समध्ये ओपिनेल कुटुंबाने १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू काढला, तो शेतकऱ्यांच्या खिशात राहिला. कडं फिरवून पातं पक्कं करायची सोय त्यात १९५५ मध्ये आली. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला चाकू दिले, आणि पुढे आईच्या आठवणीसाठी तिचं व्हिक्टोरिया हे नाव मालाला दिलं. त्यात स्टेनलेससाठीचा 'इनॉक्स' हा शब्द जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. मुलगा परदेशातून आणणार असेल तर यातला सगळ्यात लहान मागवा. ५८ मिलिमीटरचा, कात्री असलेला, बुचाचा स्क्रू नसलेला. पण मुद्दाम पैसे घालून घ्यायची गरज नाही. परिग्रहाला परिमाण असावं. एका पर्सला एक चाकू. दुसरा रंग आवडला म्हणून दुसरा घेणं हा पुन्हा अनर्थच.

कायदा थोडक्यात

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याखालच्या नियमांत ज्या चाकूंना हत्यार धरलं आहे ते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, आणि घरकाम, शेती वगैरेंसाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. आपला चार बोटांचा फळाचा चाकू त्यात येत नाही. पण खटक्याच्या चाकूंवर काही ठिकाणी वेगळी बंधनं आहेत. दिल्लीत स्प्रिंगने किंवा बटणाने उघडणाऱ्या चाकूची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तीन इंच आहे. दिल्लीमार्गे यात्रेला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. खटक्याचा नको म्हणण्याचं हेही एक कारण.

महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ३७. सण, निवडणूक, तणाव अशा वेळी जिल्ह्यात या कलमाखाली मनाईचे आदेश निघतात, आणि त्यांत काठी, चाकू बरोबर बाळगण्यालाही मनाई असते. आपल्या जिल्ह्यात असे आदेश अधूनमधून निघतात. पेपरात असा आदेश वाचला की त्या दिवसांत सभा, मिरवणूक, मोर्चा अशा ठिकाणी जाताना चाकू घरी ठेवावा. कोर्ट, मोठी सरकारी कार्यालयं, मॉल, मेट्रो इथे तपासणी असते, तिथेही नेऊ नये. विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही. शिखरजीला विमानाने निघालात तर तो सामानात द्यायच्या मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर विमानतळावर काढून घेतात.

वापरायचे नियम

खाण्याचा चाकू फक्त खाण्यालाच वापरा. कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी त्याने कापू नका. डिंक फटीत जातो आणि मग फळाला लागतो.

वापरून झाला की लगेच ओल्या फडक्याने पुसा, मुक्कामी पोचल्यावर गाळलेल्या पाण्याने धुवा, उघडा ठेवून पूर्ण वाळवा, मगच मिटा. फटीत आधी बघा, मुंगी असेल तर फुंकरीने किंवा मऊ फडक्याने बाजूला करा. बिजागरीला दोन-तीन महिन्यांतून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या, पात्यावर आलेलं तेल पुसून पातं धुवून घ्या. शेंगदाण्याचं तेल घालू नका, ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

धार गेली की धार लावून घ्या. बोथट पातं जास्त जोर मागतं आणि घसरतं. चिनी मातीच्या कपाच्या तळाची खरखरीत कड असते ना, तिच्यावर पातं तिरकं धरून हलक्या हाताने आठ-दहा वेळा फिरवलं तरी घरच्याघरी काम भागतं.

चालत्या एसटीत चाकू उघडू नका. गाडी थांबल्यावर चिरा. मांडीवर लहान मूल असेल तर दुसरीला चिरायला द्या. पर्समध्ये तो पिशवीत आणि वेगळ्या कप्प्यात ठेवा, म्हणजे नातवंडाने चॉकलेट शोधताना हाताला लागायला नको.

आणि कुणी मागितला तर? बरोबरच्या बायका, घरची माणसं, समोर बसलेली लेकुरवाळी, यांना फळ चिरायला जरूर द्या, आणि परत घ्यायला विसरू नका. अनोळखी माणसाने मागितला, कशासाठी ते कळत नसेल, तर "तुमचं फळ द्या भाऊ, मीच चिरून देते" असं म्हणा. मान राखला जातो आणि व्रतही राखलं जातं. संक्रांतीच्या वाणात स्टीलचे चाकू लुटायची टूम काही ठिकाणी निघाली आहे. ती आपल्यात येऊ देऊ नका. वाणाला डबी द्या, चाळणी द्या, पाणी गाळायचं गाळणं द्या. चाळीस घरांत चाळीस पाती कुठे कशाला वापरली जातील, हे देणारीला कळणार नसतं. हिंसादान म्हणतात ते यालाच.

शेवटी एकच सांगते. चाकू घेण्याआधी स्वतःला विचारा, हा मी कशासाठी घेते आहे? उत्तर "बोरं फोडून बघायला, पेरू चिरायला, यात्रेत शुद्ध खायला" असं आलं तर निःशंक घ्या. उत्तर देताना मनात कुणा माणसाचा चेहरा आला, तर तो चाकू दुकानातच राहू द्या. यंदाच्या यात्रेला निघाल तेव्हा पर्समध्ये चाकू, गळ्यात माळ आणि सोबत गाळणं, तिन्ही असू द्या.

जय जिनेंद्र.